घर, वावर आणि छंद यांसाठी मल्टिमीटर निवडताना: आधी मोजायची जागा, मग मीटर

गावातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मल्टिमीटर मागितला की काउंटरवर बहुधा दोन-तीनशे रुपयांचा, हातात मावणारा पिवळा मीटर ठेवला जातो. रेडिओ, एलईडी, बारा व्होल्टची बॅटरी एवढ्या कामांना तो पुरतो. अडचण पुढे येते. घेतल्यावर आठवड्याभरातच तोच मीटर विहिरीवरच्या स्टार्टर पेटीत लावला जातो, तिथून तो सौरपंपाच्या पॅनेलपर्यंत जातो, आणि उन्हाळ्यात कूलरचा पत्रा झटका देऊ लागला की कूलरलाही लागतो. माझ्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या अशा मीटरांपैकी काहींची आतली तांब्याची पट्टी जळून उडालेली होती, आणि प्रत्येक वेळी कारण एकच निघाले: मीटर आधी घेतला गेला आणि तो कुठे लावायचा याचा विचार नंतर झाला. पुढील टप्पे याच कारणाने उलट दिशेने मांडले आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच करावेत.

## टप्पा १: मोजायच्या जागांची यादी करा

कागदावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात जागा लिहावी, दुसऱ्यात तिथे जास्तीत जास्त किती व्होल्ट असू शकतात ते लिहावे. दुकानात जाण्यापूर्वी हे काम पूर्ण झालेले असावे, कारण काउंटरवर उभे राहिल्यावर माणूस बटणे आणि सोयी मोजू लागतो आणि जागा विसरतो. विदर्भातल्या शेतकरी घरात ही यादी साधारण पुढीलप्रमाणे होते.

छंदाची कामे, म्हणजे मोबाइलचा चार्जर, बॅटरीवरचा पंप, लहान सर्किट, ट्रॅक्टर किंवा मोटरसायकलची बॅटरी, ही बहुतेक २४ व्होल्टच्या आत राहतात. घरातल्या प्लगवर २३० व्होल्ट एसी असतात, परंतु एसीचा हा आकडा परिणामी मूल्याचा (आरएमएस) असल्यामुळे प्रत्यक्ष शिखर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. मोटारपंपाच्या थ्री फेज स्टार्टरमध्ये दोन फेजांच्या दरम्यान ४०० ते ४१५ व्होल्ट मिळतात. सौरपंपाचा आकडा बहुतेकांच्या यादीत चुकतो, म्हणून तो नीट काढावा: मोठ्या पॅनेलचे उघड्या टोकांवरचे व्होल्टेज ४५ ते ५० च्या दरम्यान असते, पॅनेल एकामागोमाग जोडले की त्यांची बेरीज होते, आणि दहा पॅनेलांच्या ओळीवर ४५० ते ५०० व्होल्ट डीसी उभे राहतात. थंडीतल्या स्वच्छ सकाळी हा आकडा आणखी वाढतो. पॅनेलच्या मागच्या चिठ्ठीवरचा उघड्या टोकांचा आकडा पाहून त्याला ओळीतल्या पॅनेलांच्या संख्येने गुणावे आणि आलेला आकडा यादीत लिहावा.

सावधान: डीपी म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर, त्याची पेटी आणि खांबावरची तार या यादीत घालूच नयेत. ते काम लाइनमनचे आहे आणि कितीही चांगला मीटर हाती असला तरी ते आपले होत नाही.

सावधान: रानडुकरे आणि रोही यांच्यासाठी धुऱ्यावर बसवलेल्या झटका मशीनच्या तारेला कोणताही साधा मल्टिमीटर लावू नये. मशीन बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते, परंतु तारेत जाणारे ठोके काही हजार व्होल्टचे असतात. मशीनची बॅटरी मीटरने तपासता येते. तारेसाठी मात्र त्याच कामाचे वेगळे तपासणीयंत्र मिळते.

## टप्पा २: यादीवरून कॅट श्रेणी ठरवा

मीटरच्या पुढच्या भागावर, लीड म्हणजे मोजण्याच्या तारा खोचण्याच्या छिद्रांजवळ, ‘कॅट’ (कॅटेगरी, म्हणजे श्रेणी) ही अक्षरे, रोमन आकडा आणि व्होल्ट असे छापलेले असते. सर्वांत जास्त गैरसमज याच तीन गोष्टींबद्दल आहेत, म्हणून या टप्प्यावर घाई करू नये.

कॅट श्रेणी अचूकता सांगत नाही. विजेच्या मार्गात आपण कुठे उभे आहोत, आणि तिथे अचानक उसळी आली किंवा शॉर्ट झाला तर किती ताकदीचा करंट मीटरमध्ये शिरू शकतो, हे ती सांगते. घरातल्या प्लगपर्यंत येईस्तोवर लांब वायरिंगमुळे ती ताकद घटलेली असते, म्हणून प्लगवर चालणाऱ्या उपकरणांसाठी कॅट-२ पुरते. मेन स्विच, एमसीबीची पेटी आणि पक्के वायरिंग येथे कॅट-३ लागते. वीजमीटरच्या आधीची सर्व्हिस वायर आणि बाहेरून येणारी लाइन कॅट-४ मध्ये मोडते. आपल्याकडे शेतातली स्टार्टर पेटी अनेकदा डीपीपासून थोड्याच अंतरावर असते आणि मधे उघड्या तारा असतात, तेव्हा मे-जून महिन्यांत विजा कडाडू लागल्यावर तिथे येणारी उसळी गावातल्या घरापेक्षा मोठी असू शकते. तिला प्लगसारखी जागा समजणे ही मोठी चूक आहे.

आता आकड्याबद्दल. कॅट-२ १००० व्होल्टचा मीटर कॅट-३ ६०० व्होल्टच्या मीटरपेक्षा भक्कम, असे दुकानदारही सांगतात, कारण १००० हा आकडा मोठा दिसतो. दोन्हींची चाचणी ६००० व्होल्टच्या उसळीनेच होते. फरक त्या उसळीमागच्या ताकदीत आहे: कॅट-२ च्या चाचणीत स्रोताचा रोध १२ ओहम धरतात आणि कॅट-३ च्या चाचणीत केवळ २ ओहम, म्हणजे पहिल्यात करंट ५०० अँपिअरपर्यंत जाऊ शकतो आणि दुसऱ्यात ३००० अँपिअरपर्यंत. स्टार्टर पेटीसाठी कॅट-३ ६०० व्होल्टचाच मीटर निवडावा, शेजारी मोठा आकडा छापलेला कॅट-२ चा मीटर दिसला तरीही.

माझे मत स्पष्ट आहे. यादीत २३० व्होल्टची एक जरी जागा असेल तर कॅट-३ ६०० व्होल्टच्या खाली उतरू नये. आज फक्त प्लग तपासायचा असला तरी उद्या शेजारी मीटर मागून नेणार आणि तो स्टार्टरला लावणार, हे गृहीत धरूनच खरेदी करावी. सौरपंपाची ओळ ६०० व्होल्ट डीसीच्या जवळ जात असेल तर १००० व्होल्ट डीसीपर्यंत मोजणारा मीटर घ्यावा.

तपासणी: मीटरवर नुसता ‘७५० व्होल्ट एसी, १००० व्होल्ट डीसी’ असा मजकूर असेल आणि कॅट श्रेणी कुठेच नसेल, तर पडदा तेवढे आकडे दाखवू शकतो इतकाच त्याचा अर्थ घ्यावा. तेवढ्या व्होल्टेजवर तो हातात सुरक्षित राहील, असे तो मजकूर सांगत नाही.

## टप्पा ३: फ्यूज आणि छिद्रे पाहा

मीटर फुटण्याच्या घटना बहुतेक वेळा एकाच प्रकारे घडतात. आधी करंट मोजलेला असतो, लाल लीड १० अँपिअरच्या छिद्रातच राहिलेली असते, आणि तशीच ती प्लगमध्ये किंवा स्टार्टरमध्ये घातली जाते. करंट मोजण्याच्या मार्गाचा रोध जवळजवळ शून्य असल्यामुळे हा थेट शॉर्ट होतो. त्या क्षणी माणसाचा हात आणि विजेची ठिणगी यांच्यामध्ये फक्त मीटरचा फ्यूज उभा असतो.

डीटी-८३० प्रकारच्या पिवळ्या मीटरमध्ये १० अँपिअरच्या छिद्राला फ्यूज नसतोच, आणि ते छिद्राशेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलेही असते. त्याच मीटरमध्ये व्होल्ट आणि मिलिअँपिअर यांचे छिद्र एकच असते, त्यामुळे लीड योग्य जागी असूनही केवळ गोल बटण चुकीच्या खुणेवर राहिले तरी तोच प्रसंग येतो. काही मीटरांत काचेचा लहान फ्यूज असतो, परंतु २५० व्होल्टचा काचेचा फ्यूज ४१५ व्होल्टच्या शॉर्टमध्ये तुटल्यावरही आत ठिणगी चालू राहू शकते आणि काच फुटते. चांगल्या मीटरमध्ये चिनी मातीच्या नळीचा, आत वाळू भरलेला, ६०० किंवा १००० व्होल्टचा फ्यूज असतो. ही वाळू ठिणगी विझवते.

दुकानात मागचे झाकण उघडू देत नसतील तर माहितीपत्रक मागावे आणि त्यात फ्यूजचे अँपिअर व व्होल्ट दोन्ही लिहिलेले आहेत का, ते पाहावे. केवळ ‘फ्यूज आहे’ एवढे आश्वासन पुरेसे मानू नये.

यावर एक सोपा मार्ग आहे आणि कमी खर्चात सुरक्षितता हवी असणाऱ्यांना मी तोच सुचवतो: २३० व्होल्टच्या कामासाठी करंट मोजण्याची सोयच नसलेला मीटर घ्यावा. उदाहरणार्थ, फ्लूक १०१ या लहान मीटरमध्ये करंटचे छिद्रच नाही आणि त्याची श्रेणी कॅट-३ ६०० व्होल्ट आहे. नाशिकच्या ऋषभ आणि मोटवाने या कंपन्यांचे मीटरही पाहावेत. कंपनी कोणतीही असो, कॅट आणि फ्यूज यांच्या कसोट्या त्याच राहतात.

करंट मोजणे ज्यांना आवश्यक आहे त्यांनी मोटारीसाठी क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर, घ्यावा. पाच एचपीची थ्री फेज मोटार चालू असताना सात-आठ अँपिअर घेते आणि सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट घेते, त्यामुळे ती १० अँपिअरच्या छिद्रातून मोजण्याचा प्रयत्न पहिल्याच क्षणी फसतो. क्लॅम्पच्या जबड्यात एकच वायर घ्यावी. संपूर्ण केबल आत घेतली तर वायरींमधले करंट एकमेकांना रद्द करतात आणि पडद्यावर शून्य दिसते. बॅटरीचा किंवा पॅनेलचा डीसी करंटही मोजायचा असेल तर क्लॅम्पवर डीसी अँपिअरची खूण आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात.

सावधान: सौर पॅनेलच्या ओळीवर १० अँपिअरच्या छिद्रातली लीड लागली तर फ्यूज उडेलच असे नाही, कारण पॅनेलचा शॉर्टचा करंट त्याच्या नेहमीच्या करंटपेक्षा थोडाच जास्त असतो. धोका लीड काढताना येतो. एसीचा करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझण्याची संधी असते. डीसीची ठिणगी ताणली जाऊन जळत राहते आणि हात भाजतो. पॅनेलवर फक्त व्होल्ट मोजावेत, आणि लीड तपासून मगच मोजावेत.

## टप्पा ४: लीड वेगळ्या तपासा

मीटर कॅट-३ चा आणि लीड साध्या, असे असेल तर संपूर्ण जोडणी साध्या लीडइतकीच सुरक्षित असते. लीडवरही कॅट आणि व्होल्ट कोरलेले असले पाहिजेत. पकडण्याच्या जागेपुढे बोट सरकू नये म्हणून कंगोरा असावा, मीटरमध्ये जाणारी पिन प्लास्टिकच्या आवरणात असावी, आणि पुढची धातूची सुई फार लांब उघडी नसावी. स्टार्टर पेटीत कनेक्टर एकमेकांजवळ असतात आणि दोन सेंटिमीटर उघडी सुई तिथे सहज दोन फेज भिडवते. चांगल्या लीडवर सुई झाकणाऱ्या टोप्या मिळतात. त्या चार मिलिमीटर एवढेच टोक उघडे ठेवतात आणि अशा पेटीत त्या काढू नयेत.

## टप्पा ५: लागणाऱ्या सोयी आणि नको असलेल्या सोयी

एसी व डीसी व्होल्ट, ओहम, आवाज देणारी कंटिन्युइटी (तार सलग आहे का याची तपासणी) आणि डायोड तपासणी एवढे हवेच. कपॅसिटर मोजण्याची सोय असल्यास ती आपल्याकडे पैसे वसूल करते, कारण पंखा आणि कूलर मंद फिरण्याचे नेहमीचे कारण कपॅसिटर असते. छताच्या पंख्यावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड लिहिलेले असते आणि मीटरवर दीड दिसले तर तो बदलावा. सिंगल फेज मोटारपंपाचा सुरुवातीचा कपॅसिटर शंभर मायक्रोफॅरडच्या वर जाऊ शकतो, तेव्हा मीटरची मर्यादा तेवढी आहे का, ते पाहावे. मोजण्याआधी कपॅसिटर रिकामा करावा, आणि तोही पेचकसाने ठिणगी पाडून नव्हे. होल्डरमध्ये बसवलेल्या २३० व्होल्टच्या साध्या पिवळ्या बल्बच्या दोन वायरी काही सेकंद त्याच्या टोकांना लावाव्यात.

‘ट्रू आरएमएस’, म्हणजे लहर कोणत्याही आकाराची असली तरी तिचे परिणामी मूल्य बरोबर मोजण्याची सोय, यावर जास्त पैसे द्यावेत का, हे घरातल्या इन्व्हर्टरवर अवलंबून आहे. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरचे खरे २३० व्होल्ट साधा मीटर सुमारे २५५ दाखवतो, आणि लोक चांगला इन्व्हर्टर बिघडला म्हणून परत नेतात. महावितरणच्या लाइनवर आणि छंदाच्या डीसी कामात या सोयीवाचून अडत नाही.

ट्रान्झिस्टर तपासण्याचे गोल छिद्र, तापमानाची तार, मोबाइलशी जोडणी यांवरून निवड करू नये. स्पर्शाविना वीज ओळखण्याची सोय उपयोगी आहे, पण तिच्या गप्प राहण्यावरून वायर बंद आहे असे कधीही ठरवू नये.

## टप्पा ६: पैसे देण्यापूर्वी दुकानातच करायच्या चाचण्या

घरून एक नवा दीड व्होल्टचा सेल न्यावा आणि पुढील क्रम मोडू नये.

१. दोन्ही लीड एकमेकींना भिडवून ओहम पाहावेत. ०.२ ते ०.५ च्या दरम्यान आकडा यावा, आणि लीड मुळाशी हलवल्यावर तो उड्या मारू नये.

२. कंटिन्युइटीचा आवाज स्पर्शाबरोबर यावा. उशिरा येणारा आवाज सैल जोड शोधताना फसवतो.

३. नव्या सेलवर १.५ ते १.६५ च्या दरम्यान व्होल्ट दिसावेत.

४. करंटचे छिद्र वेगळे असेल तर मीटर ओहमवर ठेवून लाल लीड व्होल्टच्या छिद्रातच राहू द्यावी आणि तिची सुई करंटच्या छिद्रात टेकवावी. कमी ओहम दिसले तर फ्यूज शाबूत आहे. पिवळ्या मीटरला ही चाचणी लागू होत नाही.

५. शेवटी दुकानदाराच्या वापरातल्या चांगल्या मीटरबरोबर एकाच प्लगवर एसी व्होल्ट ताडून पाहावेत. दोन-तीन व्होल्टचा फरक मान्य करावा.

तपासणी: मीटरच्या मागे यूएल, टीयूव्ही, सीएसए किंवा इंटरटेक यांपैकी एखाद्या स्वतंत्र चाचणी संस्थेची खूण आहे का, ते पाहावे. सीई ही खूण उत्पादक स्वतःच लावू शकतो, त्यामुळे ती एकटी पुरेशी नाही.

## टप्पा ७: घरी आल्यावर पहिली मोजणी

प्रथम गोल बटण योग्य खुणेवर आणावे, मग लीडची छिद्रे डोळ्यांनी पाहावीत, आणि त्यानंतरच सुई पुढे न्यावी. रेंज हाताने निवडायची असेल तर सर्वांत मोठ्या रेंजपासून सुरुवात करावी. काळी लीड आधी लावावी, लाल नंतर. काढताना लाल आधी. सुई टेकलेली असताना गोल बटण फिरवू नये आणि ओहम किंवा कंटिन्युइटी चालू लाइनवर कधीही लावू नये. पायात कोरडी चप्पल किंवा बूट असावेत. ओल्या वावरात, पाणी देत असताना स्टार्टर उघडू नये.

लाइन खरोखर बंद आहे का, हे तीन पायऱ्यांत पाहावे: आधी चालू असलेल्या प्लगवर मीटर आकडा दाखवतो याची खात्री, मग ज्या जागी काम करायचे तिथली मोजणी, आणि पुन्हा त्याच चालू प्लगवर खात्री. तिसरी पायरी बहुतेक जण सोडतात. मधल्या मोजणीच्या वेळीच लीड तुटली असेल तर शून्य दिसते आणि त्या शून्यावर विश्वास ठेवून हात घातला जातो.

कूलरबाबत दोन गैरसमज आवर्जून सांगतो, कारण विदर्भातल्या उन्हाळ्यात ओला पत्रा आणि ओले पाय एकत्र येतात. पहिला असा की फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये २३० व्होल्ट दिसले म्हणजे अर्थिंग उत्तम आहे. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे उन्हाने भेगाळलेल्या काळ्या मातीतली, जवळजवळ निकामी झालेली अर्थिंगही त्याला पूर्ण व्होल्ट दाखवते. अर्थिंगचा रोध मल्टिमीटरने मोजता येत नाही. त्यासाठी अर्थ टेस्टर असलेल्या वायरमनला बोलवावे. दुसरा गैरसमज याच्या उलट आहे. कूलरच्या पत्र्यावर साठ-सत्तर व्होल्ट दिसले की ‘मीटर खोटे व्होल्ट दाखवतो’ म्हणून ते सोडून दिले जातात. असे आभासी व्होल्ट दिसतात हे खरे आहे, परंतु ते आभासी आहेत हे ठरेपर्यंत कूलरचा प्लग काढलेलाच असावा. कमी रोधाची, ‘लो-झेड’ अशी खूण असलेली रेंज मीटरमध्ये असेल तर तिच्यावर आभासी आकडा कोसळतो आणि खरा आकडा टिकतो.

आपल्या हातात असलेली तपासणी अशी: प्लग बाहेर काढून, मीटर ओहमवर ठेवून, प्लगची जाड अर्थ पिन आणि कूलरचा रंग खरवडलेला पत्रा यांच्यामध्ये मोजावे. एक ओहमच्या आत आकडा आला पाहिजे. आला नाही तर आतली अर्थची वायर तुटलेली किंवा सैल आहे, आणि प्लग दोन पिनांचाच असेल तर मोजायची गरज नाही, तो आधी बदलावा. कूलरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्यावा.

## टप्पा ८: मीटर सांभाळणे

अनेक मीटरांच्या माहितीपत्रकात वापराचे कमाल तापमान ४० किंवा ५० अंश सेल्सिअस दिलेले असते. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, टिनाच्या छपराखालची पेटी आणि बंद गाडी ही मर्यादा सहज ओलांडतात. पडदा काळा पडतो आणि लीडचे आवरण कडक होऊन तडकते. मीटर घरात, सावलीत ठेवावा. बॅटरीची खूण दिसताच बॅटरी बदलावी, कारण ती उतरली की स्वस्त मीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू लागतात आणि उतरलेली बारा व्होल्टची बॅटरी भरलेली वाटते. फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा आणि त्याच व्होल्टचा बसवावा. तालुक्याला तो मिळत नसेल तर मागवून येईपर्यंत करंटचे छिद्र चिकटपट्टीने बंद करून ठेवावे, तार गुंडाळू नये.

घरात आधीपासून पिवळा मीटर असेल तर तो फेकण्याची गरज नाही. त्याच्या पाठीवर आणि पडद्याखाली पांढरी पट्टी चिकटवून ‘फक्त बॅटरी, २३० ला लावू नये’ असे ठळक लिहावे, तो सर्किटच्या सामानाच्या डब्यात ठेवावा, आणि कॅट-३ चा मीटर वेगळ्या खोलीत, वेगळ्या लीडसह ठेवावा. शेजाऱ्याने मीटर मागितला तर कुठे लावणार ते विचारून त्याच्या हाती योग्य तो द्यावा, आणि परत आल्यावर लाल लीड कोणत्या छिद्रात आहे ते पाहूनच तो जागेवर ठेवावा.